बालकर्करोग विभागात नव्याने येणाऱ्यांना कसं तयार करावं

कर्करोग झालेल्या मुलांच्या विभागात नव्या नर्स, डॉक्टर किंवा फार्मासिस्टना तयार करायचं काम पहिल्यांदाच अंगावर आलं, की बहुतेक जण जाडजूड पुस्तक काढतात आणि त्यातल्या प्रकरणांप्रमाणे व्याख्यानं ठरवतात. पहिला आठवडा ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग), दुसरा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग), तिसरा मेंदूच्या गाठी. तीन महिन्यांनी लोकांना पेशींचे प्रकार पाठ झालेले असतात, पण मध्यरात्री ताप आलेल्या मुलाला पहिलं अँटिबायोटिक मिळायला चार तास लागतात. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. ज्या गोष्टी चुकल्या तर मूल दगावतं त्या आधी, आजाराचं शास्त्र त्यामागून.

जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना आणि किशोरवयीनांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. हा फरक नव्या, महागड्या औषधांमुळे पडलेला नाही. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन ल्युकेमिया झालेल्या मुलांमध्ये आजाराला तात्पुरता उतार आणला, ते १९४८ साली प्रसिद्ध झालं. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आणि त्याच्या जोडीची व्हिन्क्रिस्टीन, मर्कॅप्टोप्युरीन, स्टेरॉइड ही आजही वापरली जाणारी औषधं कित्येक दशकं जुनी आहेत. मुलं जातात ती आजार उशिरा ओळखल्यामुळे, उपचार मध्येच सुटल्यामुळे, जंतुसंसर्गामुळे आणि औषध वेळेवर न मिळाल्यामुळे. यातलं शेवटचं कारण बहुतांशी पैशाचं आणि धोरणाचं आहे. पहिली तीन मात्र मुलाच्या जवळ उभ्या असलेल्या माणसाला काय येतं यावर ठरतात.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहराचा अनुभव यासाठी वाचण्यासारखा आहे. तिथे मुलांसाठी स्वतंत्र कर्करोग विभाग उभा राहिला, ठरलेल्या पद्धतीने उपचार सुरू झाले, निरनिराळ्या विषयांतली प्रशिक्षित माणसं एका चमूत आली आणि कुटुंबांना आधार मिळू लागला. १९८० ते २००२ या काळात तिथल्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या मुलांत ५ वर्षं आजार न उलटता जगण्याचं प्रमाण ३२ वरून ६३ टक्क्यांवर गेलं. उपचार सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आलं. हा दुसरा आकडा मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो.

पायरी १ : आधी आपल्याच विभागाच्या फायली उघडा

अभ्यासक्रम लिहायला बसण्यापूर्वी एक अनुभवी नर्स आणि एक डॉक्टर सोबत घ्या आणि मागच्या वर्षभरात दगावलेल्या, तसंच अतिदक्षता विभागात हलवाव्या लागलेल्या मुलांच्या फायली काढा. प्रत्येक वेळी एवढंच बघा : मूल आजार हाताबाहेर गेल्यामुळे गेलं, की उपचार चालू असताना दुसऱ्याच कशाने? दुसऱ्या गटातल्या फायलींचं पान न् पान वाचा. ताप किती वाजता नोंदवला, अँटिबायोटिक किती वाजता सुरू झालं? नाडी वाढत चालल्याची नोंद आहे, पण ती कोणाला कळवली का? घरी सोडताना आईवडिलांना काय सांगितलं, हे कुठे लिहिलंय का?

या बैठकीत कोणाचंही नाव काढायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरवा. नावं निघू लागली की माणसं नोंदी करायला घाबरतात आणि शिकण्याचं साधनच हातचं जातं. या वाचनातून पाच-सहा ठिकाणं निघतील जिथे वारंवार घोळ होतोय. तोच तुमचा पहिला अभ्यासक्रम. दुसऱ्या रुग्णालयाचा छापील अभ्यासक्रम जसाच्या तसा उचलू नका. त्यांची दुबळी जागा आणि तुमची दुबळी जागा बहुधा वेगळी असते.

आजारांची यादी हवीच असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सुरू केलेल्या बालकर्करोग उपक्रमातले सहा आजार घ्या : तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, बर्किट लिम्फोमा, हॉजकिन लिम्फोमा, रेटिनोब्लास्टोमा (डोळ्यातली गाठ), विल्म्स ट्यूमर (मूत्रपिंडातली गाठ) आणि मेंदूतला सावकाश वाढणारा ग्लायोमा. २०३० पर्यंत जगभरातली किमान ६० टक्के मुलं वाचावीत, हे त्या उपक्रमाचं उद्दिष्ट आहे. हे सहाही आजार बरे होण्यासारखे आहेत आणि ते नीट सांभाळता आले की इतरांसाठी लागणारी बरीचशी कौशल्यं हातात आलेली असतात.

पायरी २ : वजन, उंची आणि वयाबरोबर बदलणारे आकडे

प्रौढांच्या वॉर्डातून आलेला माणूस कितीही अनुभवी असला, तरी त्याचा पहिला आठवडा इथूनच सुरू करा. सहा महिन्यांच्या बाळाची नाडी मिनिटाला १३० असणं नेहमीचं आहे. शांत बसलेल्या बारा वर्षांच्या मुलाची तेवढी असेल, तर काहीतरी बिघडलंय. शिवाय मुलांचा रक्तदाब अगदी शेवटी कोसळतो. त्याआधी कितीतरी वेळ नाडी धावत असते, हातपाय गार पडलेले असतात, नखावर दाब देऊन सोडल्यावर रंग परतायला उशीर लागत असतो. रक्तदाब ठीक आहे म्हणून निर्धास्त होणारी नर्स किंवा डॉक्टर मुलांच्या वॉर्डात धोक्याचा ठरतो. वयानुसार नाडी, श्वास आणि रक्तदाब यांचा तक्ता प्रत्येक पलंगापाशी लावा, आणि तो वाचायला लावून परीक्षा घ्या.

त्यानंतर डोसचं गणित. बहुतेक केमो शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरते : उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोमध्ये, दोघांचा गुणाकार, त्याला ३६०० ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. ११० सेंटिमीटर उंचीच्या आणि १८ किलो वजनाच्या मुलाचं क्षेत्रफळ ०.७४ चौरस मीटर येतं. व्हिन्क्रिस्टीन चौरस मीटरला १.५ मिलिग्रॅम या दराने द्यायचं असेल, तर डोस १.११ मिलिग्रॅम. आता हाच प्रश्न वजन १८ ऐवजी ८१ असं उलटं लिहून द्या. क्षेत्रफळ १.५७ होतं आणि डोस २.३६ मिलिग्रॅम. व्हिन्क्रिस्टीनला सहसा एका वेळी जास्तीत जास्त २ मिलिग्रॅमची मर्यादा असते, पण ती इथे मुलाला वाचवत नाही, कारण २ मिलिग्रॅम म्हणजेसुद्धा त्याच्या योग्य डोसच्या जवळपास दुप्पट. हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखवू नका, त्यांनाच सोडवू द्या. आकडा स्वतःच्या पेनातून उतरला की वजनकाट्यासमोर उभं राहताना हात आपोआप सावध होतो. तान्ह्या बाळांचे डोस बऱ्याचदा क्षेत्रफळाऐवजी किलोवर काढतात, हेही याच आठवड्यात सांगा.

पोटात मोठी गाठ असलेल्या मुलाचं वजन फसवं असतं. गाठ वाढत असते, मूल वाळत असतं आणि काटा जागचा हलत नाही. अशा मुलाचं पोषण दंडाच्या घेरावरून जोखायला शिकवा.

पायरी ३ : तापाचा पहिला तास

सगळ्या प्रशिक्षणातून एकच गोष्ट शिकवता येणार असेल, तर मी ही निवडेन.

केमोनंतर रक्तातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात. त्या घन मिलिमीटरला ५०० च्या खाली गेल्या, की साधा वाटणारा संसर्गही काही तासांत रक्तभर पसरू शकतो. तापमान एकदाही ३८.३ अंश सेल्सिअसवर गेलं किंवा तासभर ३८ वर टिकलं, तर तो ताप धरायचा आणि ६० मिनिटांच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं. पेशींचा अहवाल येईपर्यंत थांबायचं नाही. आधी रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून बघण्याची तपासणी) घ्यायचं, सेंट्रल लाईन, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेली नळी असेल तर तिच्यातूनही, पण कल्चरच्या बाटल्या सापडत नाहीत म्हणून औषध अडवून ठेवायचं नाही.

नव्या माणसाला इथे तीन गोष्टी पटवाव्या लागतात, कारण त्या त्याच्या आधीच्या शिकवणुकीच्या विरुद्ध जातात. पहिली : पू, सूज, लाली दिसत नाही म्हणून संसर्ग नाही असं समजू नका. पू तयार करणाऱ्या पेशीच शिल्लक नाहीत. दुसरी : स्टेरॉइड चालू असलेल्या मुलाला गंभीर संसर्गातही ताप येईलच असं नाही. मूल मलूल आहे, पोट दुखतंय म्हणतंय, हातपाय गार आहेत, एवढ्यावरच हालचाल करा. तिसरी : गुदद्वारातून तापमान बघायचं नाही, तिथून औषध किंवा एनिमाही द्यायचा नाही. तिथल्या बारीकशा जखमेतूनही जंतू रक्तात शिरतात.

हे शिकवण्यासाठी व्याख्यान दहा मिनिटांचं पुरे. बाकीचा वेळ घड्याळ लावून सराव घ्या. बाहुली चालते, नसेल तर उशीही चालते. एक जण आई होतो, दारातून आत येतो आणि म्हणतो, “सिस्टर, दुपारपासून अंग गरम लागतंय.” तिथून घड्याळ सुरू. दारापासून तापमान बघेपर्यंत किती मिनिटं गेली, तापमानापासून डॉक्टरांना कळवेपर्यंत किती, औषध लिहिल्यापासून ते हातात येईपर्यंत किती, हातात आल्यापासून शिरेत जाईपर्यंत किती, हे चार वेगवेगळे आकडे फळ्यावर लिहा. कुठे अडलं ते सगळ्यांना एकदम दिसतं. बऱ्याचदा अडतं ते औषधाच्या खोलीपाशी : किल्ली कोणाकडे, मागणीपत्रावर सही कोणाची. अशा वेळी नर्सला आणखी शिकवून काही साधत नाही. पहिल्या डोसचं अँटिबायोटिक वॉर्डातच ठेवण्याची आणि डॉक्टर येण्यापूर्वी ते सुरू करण्याची लेखी मुभा नर्सला मिळवून द्यावी लागते. ती मुभा वरिष्ठांकडून आणणं हे प्रशिक्षकाचंच काम आहे.

हाच सराव रात्रपाळीतही घ्या. दिवसा जमलेली गोष्ट कमी माणसांत जमेलच असं धरून चालू नका.

पायरी ४ : काय करायचं नाही

नव्याने आलेल्या डॉक्टरचा उत्साह काही ठिकाणी मुलाला घातक ठरतो. म्हणून ‘हे करू नका’ अशी छोटी यादी पहिल्याच महिन्यात पाठ करून घ्या, आणि प्रत्येकामागचं कारणही सांगा. कारण कळलं की नियम लक्षात राहतो.

ल्युकेमिया किंवा लिम्फोमाची शंका असेल, तर निदानाचा नमुना घेण्यापूर्वी स्टेरॉइड देऊ नका. पेशी मरतात, निदान पुसट होतं आणि शरीरात अचानक विषारी द्रव्यांचा लोंढा येऊ शकतो. मूल आडवं झालं की धाप लागते, मान आणि चेहरा सुजलाय, अशा वेळी छातीतली गाठ श्वासनलिका दाबत असू शकते. त्याला एक्स-रेसाठी, स्कॅनसाठी उताणं झोपवू नका आणि भूल देण्याची घाई करू नका. झपाट्याने वाढणाऱ्या लिम्फोमात किंवा पांढऱ्या पेशी १ लाखाच्या वर गेलेल्या ल्युकेमियात पेशी फुटून पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक ॲसिड चढतं, कॅल्शियम उतरतं. म्हणून सलाईनमध्ये पोटॅशियम घालू नका. लघवी भरपूर होऊ द्या, युरिक ॲसिड उतरवणारं ॲलोप्युरिनॉल किंवा रासब्युरिकेज विचारून सुरू करा. जी-६-पीडी या तांबड्या पेशींतल्या विकराची कमतरता असलेल्या मुलाला रासब्युरिकेज चालत नाही. विल्म्स ट्यूमरचं पोट प्रत्येक शिकाऊ डॉक्टरने चाचपायचं नसतं, गाठ फुटली तर आजाराचा टप्पा बदलतो आणि उपचार वाढतात. रेटिनोब्लास्टोमाच्या शंकेत डोळ्यात सुई घालून नमुना घ्यायचा नसतो, त्याने आजार डोळ्याबाहेर पसरतो.

पाय लुळे पडणं किंवा लघवी तुंबणं, पाठदुखीसोबत असेल तर ती मज्जारज्जूवर दाब येत असल्याची खूण असू शकते. तिथे उद्या सकाळच्या राऊंडची वाट बघायची नाही.

पायरी ५ : औषधं हाताळणं

व्हिन्क्रिस्टीन फक्त शिरेतून द्यायचं. चुकून ते पाठीच्या कण्यातून गेलं, तर मूल जवळजवळ कधीच वाचत नाही. जगभरात हे घडलेलं आहे आणि बहुतेक वेळा घडण्याचं कारण एकच : एकाच दिवशी, एकाच टेबलावर, दोन सारख्या दिसणाऱ्या सिरिंज, एक शिरेत द्यायची, दुसरी पाठीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली इशारा देऊन सांगितलं की व्हिन्क्रिस्टीन सिरिंजमध्ये भरूच नका, सलाईनच्या छोट्या पिशवीत द्या. पिशवी कोणी पाठीत टोचू शकत नाही. तुमच्याकडे अजून सिरिंज वापरात असेल, तर प्रशिक्षण थांबवून आधी फार्मसीशी बोला. सावध राहायला शिकवण्यापेक्षा चूक होऊच न शकणारी व्यवस्था केव्हाही भरवशाची.

केमो देण्यापूर्वी दोन जणांनी तपासायचं, म्हणजे दोघांनी वेगवेगळं गणित करायचं. एकाने केलेलं दुसऱ्याने बघून मान डोलावणं ही तपासणी नव्हे. सरावात मुद्दाम चुकीच्या डोसचा कागद द्या आणि तो पकडला जातो का बघा. ज्युनिअर नर्सने सीनिअर डॉक्टरला “थांबा, हा आकडा जुळत नाही” असं म्हणणं हासुद्धा सरावाचाच विषय आहे. ते वाक्य मोठ्याने म्हणायची सवय नसेल, तर गरजेच्या वेळी ते तोंडातून फुटत नाही.

औषधांची माहिती मोठ्या तक्त्याने देऊ नका. मुलाकडे बघून काय दिसेल, त्यावरून शिकवा. व्हिन्क्रिस्टीन चालू आहे : शौचाला होत नाही, जबडा दुखतो, चालताना पाऊल घासतं. सोबत व्होरिकोनॅझोल किंवा इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध चालू झालं तर हे सगळं वाढतं. सायक्लोफॉस्फमाइड किंवा आयफॉस्फमाइड : लघवीत रक्त दिसतंय का बघा, मूत्राशय जपणारं मेस्ना दिलंय का विचारा. सिस्प्लॅटिन : ऐकू कमी येतंय का, मूल टीव्हीचा आवाज वाढवायला लागलंय का? ॲस्पॅराजिनेज : अंगावर पित्त उठणं, धाप, पोटात तीव्र दुखणं, एका हाताला किंवा पायाला सूज. डॉक्सोरुबिसिन : आजवर एकूण किती दिलं त्याची बेरीज फायलीच्या पहिल्या पानावर हवी, कारण हृदयावरचा परिणाम त्या बेरजेवर अवलंबून असतो. मोठ्या डोसचं मेथोट्रेक्सेट : लघवीचा सामू आणि ल्युकोव्होरिन या उताऱ्याच्या औषधाची वेळ. या वेळेत ढिलाई चालत नाही.

शिरेतून औषध बाहेर पाझरलं तर : थांबवा, सुई काढू नका, जेवढं परत ओढता येईल तेवढं ओढा, मग मदत बोलवा. व्हिन्क्रिस्टीनच्या जागेवर ऊबदार शेक, डॉक्सोरुबिसिनच्या जागेवर थंड. उलट झालं तर नुकसान वाढतं.

कर्मचाऱ्यांची स्वतःची सुरक्षितताही याच पायरीत सांगा : हातमोजे, गाऊन, औषध सेफ्टी कॅबिनेटमध्येच मिसळणं, आणि केमोनंतर निदान ४८ तास मुलाची लघवी, उलटी आणि लंगोट हातमोजे घालूनच हाताळणं. आईलाही हातमोजे द्या, कारण लंगोट बऱ्याचदा तीच बदलते.

पायरी ६ : दुखणं ओळखणं आणि मुलाशी खरं बोलणं

हा भाग वेळ उरला तर घेऊ म्हणून मागे पडतो. तो मागे पडू देऊ नका. ल्युकेमियाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालणार असतात आणि पहिल्याच महिन्यात मुलाचा विश्वास उडाला तर पुढची प्रत्येक सुई झटापट होऊन बसते.

बोलता न येणाऱ्या बाळाचं दुखणं चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटते का या पाच गोष्टींवरून मोजायला शिकवा. तीन वर्षांपुढच्या मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवा, मोठ्यांना शून्य ते दहा. खेळणाऱ्या मुलाला दुखत नसतं, हा समज मोडून काढावा लागतो. कितीतरी मुलं दुखणं विसरायलाच खेळतात, आणि काही अगदी गप्प पडून राहतात, तीच सर्वांत जास्त सोसत असतात. औषधांबाबत, जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली मुलांसाठी दोन पायऱ्यांची पद्धत सुचवली (सौम्य दुखण्याला साधं वेदनाशामक, त्यापुढे मॉर्फिनसारखं) आणि मधल्या पायरीवरचं कोडीन वगळलं, कारण ते शरीरात मॉर्फिनमध्ये किती बदलेल हे मुलागणिक वेगळं असतं. तीव्र दुखण्याला तोंडाने मॉर्फिन, ठरलेल्या वेळी, दुखण्याची वाट न बघता. मॉर्फिन म्हणजे शेवट, ही भीती कर्मचाऱ्यांच्याही मनात असते. ती आधी उघडपणे बोलून घ्या.

मुलाला “अजिबात दुखणार नाही” असं सांगायचं नाही. “टोचताना दुखेल, मी पाचपर्यंत मोजेन, तू आईचा हात घट्ट धर” असं सांगायचं. पलंगावर दाबून धरण्यापेक्षा आईच्या मांडीवर बसवून टोचणं बहुतेक वेळा सोपं जातं. पाठीतलं पाणी काढण्यासाठी भूल किंवा गुंगी मिळणं हा चैनीचा भाग नाही.

अवघड बोलणं अभिनय करून शिकवा. एकाने आठ वर्षांचं मूल व्हायचं आणि विचारायचं, “मी मरणार का?” नवी माणसं पहिल्यांदा विषय बदलतात किंवा हसून टाळतात. त्यांना थांबायला, “तुला असं का वाटलं, सांग ना” असं विचारायला आणि उत्तर ऐकून घ्यायला शिकवा. आईवडील निदान लपवायला सांगतात तेव्हा त्यांच्याशी भांडायचं नाही. मुलाला काय काय आधीच कळलंय, हे त्यांना हळूहळू दाखवायचं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींशी काही बोलणं आईवडील खोलीबाहेर असताना व्हावं लागतं.

वेदनाशमन आणि आधार हे उपचार हरल्यावर सुरू करायचे नसतात. निदानाच्या दिवसापासून ते केमोच्या बरोबरीने चालतात. पॅलिएटिव्ह विभागाची माणसं तुमच्या वर्गात पहिल्या महिन्यातच बोलवा.

पायरी ७ : कुटुंबाला शिकवायला शिकवा

सलग चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ ठरलेले उपचार चुकले, की जागतिक व्याख्येनुसार ते उपचार सोडणं धरतात. पण चौथा आठवडा उजाडेपर्यंत वाट बघणं म्हणजे फार उशीर. तारीख चुकली त्याच दिवशी फोन जायला हवा आणि तो फोन कोण करणार, हे नावानिशी ठरलेलं हवं. नव्या नर्सला शिकवा की उशिरा आलेल्या आईला ओरडायचं नाही. ओरडा खाल्लेली आई पुढच्या वेळी घरीच थांबते. काय अडलं ते विचारायचं : प्रवास, मजुरी, दुसरं मूल, घरातल्यांचा विरोध, की मूल आता बरं दिसतंय म्हणून.

घरी सोडताना सूचना सांगून झाल्या, की आईलाच म्हणायचं, “आता तुम्ही मला सांगा, ताप आला तर काय कराल?” तिच्या तोंडून बरोबर उत्तर येईपर्यंत ती सुटी पूर्ण झालेली नाही. ताप आल्यावर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नये, हे तिच्या बोलण्यात आलंच पाहिजे. ल्युकेमियाच्या गोळ्यांच्या लांब टप्प्यात मर्कॅप्टोप्युरीनच्या शंभरातल्या पाचाहून अधिक गोळ्या चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, असं अभ्यासात दिसलं आहे. मूल तेव्हा धडधाकट दिसत असतं, म्हणूनच हा टप्पा निसटतो.

पायरी ८ : विभागाबाहेरची माणसं

मूल तुमच्याकडे येण्यापूर्वी कोणातरी प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरने, नर्सने किंवा आरोग्यसेविकेने त्याला पाहिलेलं असतं. त्यांच्यासाठी एका तासाचं सत्र पुरतं आणि त्यात मोजक्याच खुणा असाव्यात : फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसणं किंवा नव्याने आलेला तिरळेपणा, पोटात लागणारी गाठ, फिकटपणासोबत निळे डाग आणि हाडं दुखणं, न उतरणाऱ्या गाठी, सकाळी उलटीसह डोकेदुखी, चालताना तोल जाणं, डोळ्यांभोवती मार न लागता आलेला काळेपणा. प्रत्येक खुणेसोबत एकच फोन नंबर द्या, जो खरोखर उचलला जातो. नंबर लागत नसेल तर खुणा शिकवून काही उपयोग नाही.

पायरी ९ : शिकवणारा कोण आणि शिकलेला माणूस टिकवायचा कसा

नर्सला नर्सनेच शिकवावं. डॉक्टरने घेतलेल्या वर्गात नर्स प्रश्न विचारत नाहीत, हे अनेकदा पाहिलंय. प्रत्येक नव्या माणसाला एक अनुभवी जोडीदार द्या, आणि त्या जोडीदाराचं काम त्या काळापुरतं कमी करा, नाहीतर शिकवणं नावापुरतं उरतं. सेंट्रल लाईन हाताळणं, केमो लावणं, पाझरलेलं औषध सांभाळणं ही कामं जोडीदारासमोर नीट करून दाखवल्याशिवाय एकट्याने करायची परवानगी नसावी. वर्गातल्या हजेरीवर परवानगी देऊ नका.

आंतरराष्ट्रीय बालकर्करोग संघटना सिओपच्या नर्सिंगच्या किमान मानकांत दोन मागण्या आहेत ज्या व्यवस्थापनासमोर ठेवायला उपयोगी पडतात : वॉर्डात एका नर्सकडे पाचपेक्षा जास्त मुलं नसावीत, आणि बालकर्करोगात तयार झालेल्या नर्सची फिरती बदली करू नये. वर्षभर शिकवलेली नर्स बदलून गेली की सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. यासाठी जेवढं भांडावं लागेल तेवढं भांडा.

जवळ तज्ज्ञ नसतील तर दूरच्या केंद्राशी जोडून घ्या. इटलीतल्या मोन्झा शहराच्या बालकर्करोग केंद्राने १९८६ साली निकाराग्वातल्या मानाग्वाच्या बालरुग्णालयाशी असं नातं जोडलं आणि ते पुढे कित्येक वर्षं चाललं. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी व्हिडिओवर एकत्र बसून दोन-तीन मुलांची चर्चा केली, तरी हळूहळू विचार करायची पद्धत बदलते. पाहुण्या तज्ज्ञाची दोन दिवसांची कार्यशाळा मात्र एकटी फारसं काही मागे ठेवत नाही.

मूल गेल्यावर त्या पाळीतल्या माणसांना पंधरा मिनिटं एकत्र बसायला जागा आणि वेळ द्या, आणि हे नियमात लिहा. नव्या माणसाचा पहिला मृत्यू त्याच्या जोडीदाराने सोबत राहून पार पाडावा. या विभागातून माणसं निघून जातात त्यात एकट्याने गिळलेल्या दुःखाचा वाटा मोठा असतो.

पायरी १० : मोजणी

परीक्षेतले गुण मोजू नका. तापापासून अँटिबायोटिकपर्यंतची मिनिटं, दोघांनी वेगवेगळे तपासलेले डोस, चुकलेल्या तारखा आणि त्यांपैकी किती मुलं परत आली, मुलागणिक दिवसातून किती वेळा दुखणं नोंदवलं गेलं, एवढं दर महिन्याला वॉर्डाच्या भिंतीवर लावा, जेणेकरून ते आकडे नर्सना आधी दिसतील आणि वरिष्ठांना नंतर. थोडक्यात टळलेल्या चुकांची नोंदही ठेवा. प्रशिक्षणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ही नोंद वाढते, कारण आधी लपणारी गोष्ट आता सांगितली जाते. नोंद अशी वाढेल हे व्यवस्थापनाला प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वीच लेखी कळवून ठेवा, म्हणजे वाढलेला आकडा बघून कोणी प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या नर्सला जाब विचारणार नाही.